सासऱ्यांचा ड्रमसेट आणि डावीकडचा ढीग

जुन्या ड्रमचा ओरिजिनल पार्ट मी डोळे मिटून ओळखतो! आठवडाभर व्हिडिओ पाहिलेत, थट्टा नाही. ओरिजिनल क्रोम जुन्या कपाच्या बुडासारखा पिवळट पडतो, डुप्लिकेट नव्या वाटीसारखा चकाकतो. लाकडात जादा भोक दिसलं की समजावं, इथं कुणीतरी हात मारलाय!

आमच्या साडूभाऊंना यातलं ओ की ठो कळत नाही. सासऱ्यांचे जुने बँडवाले दोस्त संध्याकाळी वाजवायला येणार, म्हणून ड्रमसेट माळ्यावरून काढला, तर हे महाशय पॉलिशचा डबा घेऊन हजर!

"घासतो. नव्यासारखा दिसेल."

"नव्यासारखा?" मी कपाळावर हात मारला. "अहो, खोटे पार्ट काढून फेकायचे, खरे ठेवायचे! बाबा खूश होतील."

"बाबांना विचारू या का? कटिंगला गेलेत, येतीलच."

"वाजवणाऱ्याला नटबोल्टातलं काय कळतं?"

"तुम्हाला तरी काय कळतं?" स्वयंपाकघरातून बायको. "परवा नळ दुरुस्त केलात, अजून फरशी पुसतेय मी!"

मी दुर्लक्ष केलं. जाणकाराची घरात हीच किंमत.

सगळा सेट खोलला. मधोमध मी, समोर साडूभाऊ मांडी घालून, हातात पाना, चेहऱ्यावर म्हशीचं कुतूहल. पिवळट ते माझ्या उजवीकडे, चकचकीत ते डावीकडे. तेवढ्यात रस्त्यावर भंगारवाला ओरडला.

"डावीकडचा ढीग देऊन टाका त्याला!" असं म्हणून मी हात धुवायला गेलो.

परत येतो तर चकचकीत ढीग जागच्या जागी!

"अहो, कुठला ढीग दिलात?"

"डावीकडचा."

"हा काय डावीकडचा!"

"हा तुमच्या डावीकडचा. मी माझ्या डावीकडचा दिला, समोर बसलो होतो ना!"

असा माणूस आमच्याच सासऱ्यांचा जावई व्हावा!

धावतपळत भंगारवाल्याचं दुकान गाठलं. त्यानं पोतं केव्हाच मोठ्या ढिगाऱ्यात रिकामं केलं होतं. "शोधा तुमचं तुम्ही," म्हणाला आणि पेपर वाचत बसला.

"घाबरू नका," मी साडूभाऊंना म्हणालो, "पिवळट दिसलं की उचला!"

तिथं सगळंच पिवळट होतं. तरी मी नजरेच्या बळावर पिशवी भरली. घरी येऊन बसवायला घेतलं. एक बोल्ट शिलाई मशीनचा निघाला, एक पाय कॅमेऱ्याच्या स्टँडचा. पण बसला! ठोकून बसवला.

संध्याकाळी दोस्तमंडळी जमली. सासरे ऐटीत स्टुलावर बसले, काठ्या फिरवल्या, पहिला ठोका दिला. मोठ्या ड्रमचा पाय निसटला. ड्रम गडगडत सोफ्याकडे निघाला, ट्रम्पेटवाले काका पाय वर घेऊन किंचाळले, आणि माझा शिलाई मशीनचा बोल्ट उडून सासूबाईंच्या सरबतात!

साडूभाऊंनी निर्लज्जपणे माझ्याकडे बोट दाखवलं.

"बाबा," मी कबूल केलं, "ओरिजिनल पार्ट भंगारात गेले."

"ओरिजिनल?" सासरे बघतच राहिले. मग सगळे म्हातारे खो खो हसत सुटले. "अहो जावईबापू, तीन मोडके सेट जोडून केलाय हा! यात ओरिजिनल म्हणाल तर मी एकटा. आणि माझेही दोन्ही गुडघे बदललेत!"

"आणि कवळीचं कोण सांगणार?" सासूबाईंनी सरबतातला बोल्ट चमच्यानं काढून माझ्या बशीत ठेवला.

मी तो निरखून पाहिला. आता तोही चकचकीत दिसत होता.