टेलरमास्तरांची अळंबी

रविवारी सकाळी सातला मेहुणा गळ्यात दुर्बीण अडकवून दारात उभा राहिला, तेव्हाच टेलरमास्तरांच्या मनात पाल चुकचुकली.

"पक्षी बघायला निघालोय, भाऊजी. तुम्ही रानात जाताच आहात, म्हटलं बरोबरच जाऊ."

पोस्टात शिक्के मारणाऱ्या या गृहस्थाला कावळा आणि चिमणी सोडून तिसरा पक्षी ओळखता येत नव्हता. मग आजच कसा पुळका आला? मास्तरांना कारण पक्कं ठाऊक होतं. ओढ्यापलीकडे एका पडलेल्या झाडाखाली अळंबी उगवते, ही जागा सासऱ्यांनी जाताना पोटच्या मुलाला न सांगता जावयाच्या कानात सांगितली होती. सहा वर्षं मास्तर तिथली अळंबी आणत होते, घरचे बोटं चाटून खात होते आणि मास्तरांची छाती फुगत होती. पण अलीकडे तिथे ताजे कापलेले देठ दिसू लागले होते. चोर घरातलाच, हे त्यांनी केव्हाच ताडलं होतं.

त्यांनी मुद्दाम टेकडीची उलटी वाट धरली. मेहुणा कुरकुरला नाही, याचाच त्यांना जास्त संशय आला. वर तो दर दहा पावलांवर थांबायचा.

"शू. हलू नका, भाऊजी. उडेल."

"कुठाय?"

"त्या पानांआड."

"मला तर नुसती फांदी दिसतेय."

"तुम्ही श्वास जोरात घेताय, म्हणून लपलाय तो."

मास्तर श्वास आवरून पाऊण तास उभे राहिले. मग वाकडी शिवण हेरणारी त्यांची नजर दुर्बिणीवर गेली. दोन्ही भिंगांवर झाकणं तशीच होती.

म्हणजे हा आपल्याला इथे खिळवून ठेवतोय, आणि तिकडे याचा साथीदार हात मारतोय! "जरा आडोशाला जाऊन येतो," म्हणत मास्तर झुडपामागे गेले आणि तिथून जे सुटले, ते चपलांसकट ओढा ओलांडून थेट झाडापाशी.

झाडाखाली त्यांची बायको बसली होती. हातात भाजीची सुरी, शेजारी भरलेली टोपली.

"इतक्यात कसे आलात? बारापर्यंत धरून ठेव म्हटलं होतं मी त्याला."

"तुला ही जागा कोणी सांगितली?"

"बाबांनी. आम्हा दोघांनाही, लहानपणीच."

"मला तर म्हणाले, फक्त तुम्हाला सांगतोय."

"ते सगळ्यांना तसंच म्हणायचे. अहो, तुम्हाला जागा कळते, अळंबी कळत नाही. चांगलीवर पाय देऊन पलीकडची विषारी तोडून आणता. पूर्वी तुमच्यामागून यायचे, हल्ली मीच आधी येते."

मास्तरांनी हळूच उजवा पाय उचलून पाहिला. खाली दोन अळंब्या चेंगरलेल्या होत्या.

"मग आपण घरी खातो ती?"

"ती मी आणलेली. तुमची जाते मागच्या दाराने कचऱ्यात."

"सहा वर्षं? आणि एकदाही बोलली नाहीस?"

तिने सुरी पदराला पुसली.

"दर वेळी ठरवते, आज सांगायचंच. पण पिशवी घेऊन दारात येता ना, तेव्हा तुम्ही इतके खूश असता."