नूपुरचं विमान आपल्या गच्चीवरून

रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास आमची नूपुर आमच्या गच्चीवरून जाणार, असं दत्तोपंतांनी सगळ्या कॉलनीला सांगून टाकलं. नूपुर त्यांची एकुलती एक लेक, नुकतीच को-पायलट झालेली. मुंबई ते कोलकाता हे तिचं पहिलंच उड्डाण. पंतांचे पाय आठवडाभर जमिनीला लागत नव्हते.

शेजारच्या भैयाजींचं नागपूरच्या इतवारी बाजारात भांड्यांचं दुकान. ठोकून-वाजवून पाहिल्याशिवाय ते कशावरच विश्वास ठेवत नसत.

"पंत, सोळाशे किलोमीटरचा रस्ता, अडीच घंट्यांचा. अन् ते विमान नेमकं तुमच्याच छतावरून काहून जाईन?"

"मग कुठून जाणार? मुंबई-कोलकाता रेघ ओढून पहा. मधात नागपूरच येते!"

"अन् नाही दिसलं तर?"

"तर कॉलनीत पुन्हा पोरीचं नाव काढणार नाही!"

हे ऐकून पंतांच्या पत्नी यमुताई घाबरल्या. मग तेच कौतुक त्यांना एकटीला ऐकावं लागलं असतं.

रविवारी गच्ची माणसांनी भरली. यमुताई औक्षणाचं तबक घेऊन उभ्या. पाच वाजून गेले तरी आभाळ रिकामंच. भैयाजी खाकरू लागले, तेवढ्यात पश्चिमेकडून एक चकाकता ठिपका आला. "आली! माझी नूपुर आली!" पंत ओरडले. यमुताईंनी ओवाळलं, टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात खांद्यावरचा दुपट्टा हलवला तो भैयाजींनी.

"रडून राहिले का, भैयाजी?" पंतांनी विचारलं.

"ऊन गेलं डोळ्यात."

थोड्या वेळानं त्याच बाजूनं दुसरं विमान आलं.

"मग हे कोणाचं?" भैयाजींनी विचारलं.

"ह्यालाही ओवाळते बाई," यमुताई म्हणाल्या. "मघाचं चुकलं असलं तर?"

तिसरं आलं तोवर निरांजनातलं तूप संपलं होतं. शेवटी दुसरंच विमान खरं, असा निकाल पंतांनी देऊन टाकला.

अंधार पडता पडता नूपुरचा फोन आला. पंतांनी तो मोठ्या ऐटीत स्पीकरवर टाकला.

"बाबा, मस्त उतरलो! पण वाटेत वादळ होतं, म्हणून भोपाळच्या बाजूनं वळवलं. नागपूर लागलंच नाही हो."

पंतांचा चेहरा उतरला. कॉलनी भैयाजींकडे बघू लागली. पैज तर त्यांनी सरळसरळ जिंकली होती. भैयाजींनी पंतांच्या हातातून फोन घेतला.

"नूपुर, काय बोलून राहिली वं? आम्ही साऱ्यांनी पाहिलं तुले!"

"काका, पण मी तर..."

"तुले वर बसून काय समजते? खालून आम्ही पाहून राहिलो होतो!"

पंतांनी भैयाजींचा हात घट्ट धरला. इतक्यात डोक्यावरून आणखी एक दिवा लुकलुकत निघाला. भैयाजींनी पुन्हा दुपट्टा उचलला.

"अहो, ती उतरली आता," पंत म्हणाले.

"उतरू द्या. हे बी कोणाची तरी पोरगीच चालवत असन."

यमुताई तूप आणायला खाली धावल्या.