चेअरमनची उडी

इंदापूरच्या एसटी स्टँडमागच्या बोळात निवृत्ती कोकरे यांची रक्त-लघवी तपासायची लॅबोरेटरी होती आणि तिथले चेअरमन मडक्यात राहायचे. शेजारच्या मडक्यात व्हाइस चेअरमन. त्यापुढं ओळीनं डायरेक्टर मंडळ. मडक्यांच्या तोंडांवर जाळी, जाळीवर विटेचा तुकडा आणि प्रत्येक मडक्यावर खडूनं हुद्दा. "चेअरमन आज रजेवर हायत," असं कोकरेनाना गंभीर चेहऱ्यानं सांगायचे तेव्हा नव्या माणसाला वाटायचं, साखर कारखान्याचं काहीतरी चाललंय. चाललेलं असायचं बेडकाचं.

थट्टा करत नाही. औषधाच्या दुकानात गरोदरपण तपासायची पट्टी मिळायला लागून बरीच वर्षं झाली होती. दोन थेंब टाकले, रेघ उमटली, संपलं. नाना मात्र नव्वदीच्या दशकातही बेडकालाच विचारत होते.

पद्धत त्यांच्या डोक्यातून निघालेली नव्हती. तरुणपणी ते पुण्यात एका मोठ्या दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला होते, तिथं ही तपासणी रोज व्हायची. बाईची सकाळची पहिली लघवी नर बेडकाच्या पाठीत, कातडीखाली टोचायची. बाईला दिवस गेले असतील तर दोन-तीन तासांत बेडकाच्या लघवीत शुक्रजंतू उतरतात आणि मायक्रोस्कोपखाली पोहताना दिसतात. दिवस गेले नसतील तर काही दिसत नाही. बेडूक मरत नाही. थोडे दिवस आराम केला की परत ड्युटीवर. हे सगळं शास्त्रात बसतं, मी पुस्तक उघडून खात्री केली. जगानं ही पद्धत कधीच सोडून दिली होती एवढंच, आणि ते नानांना कुणी कळवलं नसावं असं मला वाटायचं.

कळवलं होतं. पट्ट्या विकणारा एजंट टाय लावून आला होता. नानांनी त्याची पट्टी उजेडात धरली, उलटी केली, हुंगली आणि परत दिली. "ही जिती हाय का?"

"नाही काका, केमिकल आहे."

"मग हिला काय इचारायचं? जित्याला इचारावं. कागदाला काय कळतंय?"

हे त्यांचं आवडतं वाक्य. मतदारयादीला, रेशनकार्डाला, डॉक्टरच्या चिठ्ठीला, पेपरातल्या हवामानाला, सगळ्याला तेच. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातात आमच्या स्त्रीमुक्ती गटाचं पत्रक दिलं तेव्हा त्यांनी ते न वाचता मागची बाजू बघितली. "कोरी हाय व्हय? द्या की अजून धा-पाच. सुया गुंडाळाय बऱ्या."

मनातल्या मनात मी त्यांच्यावर तिथंच मोर्चा काढला.

त्यांचा अवतारही मोर्चा काढण्यासारखाच होता. धोतरावर पांढरा कोट, कोटाचा खिसा लोंबता, खिशात चिमटा, आणि कधीकधी खिसाच हलायचा, कारण एखादे डायरेक्टर आत बसलेले असायचे. पावसाळ्यात कालव्याकडेच्या उसात बॅटरी घेऊन नाना स्वतः भरती करायचे. "ह्यो नको, बाई हाय," म्हणून मादी सोडून द्यायचे आणि खरबरीत पाठीचा नर पिशवीत टाकायचे. काम न करता फुगलेला दिसला की त्याला चेअरमनपद. मी म्हटलं, "नाना, कारखान्याच्या चेअरमनला कळलं तर?" म्हणाले, "कळू दे की. आमचा निदान महिन्यातनं येकदा कामाला येतोय."

इथवर हसू येतं. नुसता चक्रमपणा असता तर मीही हसून सोडून दिलं असतं. पण गावोगाव बोलबाला झाला की कोकरेनानांचा बेडूक मुलगा का मुलगी तेही सांगतो. आणि 'मुलगी' असं उत्तर मिळालेल्या बाईचं आमच्याकडं पुढं काय होतं, हे सांगायला पत्रक लागत नाही. जीप सांगायची. जीप मोठ्या शहराकडं जायची आणि परत यायची तेव्हा बाईचं पोट मोकळं झालेलं असायचं. असं सांगणं हा कायद्यानं गुन्हा होता. आम्ही त्यासाठी भिंती रंगवल्या, बाजाराच्या दिवशी घसा फोडून घोषणा दिल्या, आणि इथं एक म्हातारा मडक्यातून बेडूक काढून न्यायनिवाडा करत होता!

मी त्याला रंगेहाथ पकडायचं ठरवलं. भावाच्या लघवीची बाटली घेतली, वर 'शांताबाई' अशी चिठ्ठी चिकटवली आणि सकाळीच लॅब गाठली. बाटली देऊन मी बाकड्यावर बसले. बाकड्यावर आधीच दोघीजणी होत्या. बारामतीकडच्या, सांगवीजवळच्या वस्तीवरच्या. मंदा नावाची सून, वय माझ्याएवढंच, पदरात दोन मुली, आता तिसऱ्यांदा दिवस गेलेले. आणि तिची सासू. दोन एसट्या बदलून आल्या होत्या.

"ह्या बारीला इचारूनच घ्यायचं ठरवलंय," सासू मला म्हणाली, बियाणं बदलून घ्यायला आल्यासारखी. मंदा मडकी बघत होती.

पहिला निकाल माझा लागला. नाना बाहेर आले, चष्मा कपाळावर. "शांताबाई कोन?"

"मावशी आहे माझी. काय निघालं?"

"बेडकाला टोचायची येळच आली न्हाय. मावशीच्या बाटलीतच पव्हणारे निघाले. दिवस काय जायाचे न्हाईत त्यास्नी. दाढी मातर येळंवर करा म्हनावं."

सासू खो खो हसली. मंदासुद्धा पदरात हसली. नानांनी माझ्याकडून फी घेतली ती घेतलीच. वर म्हणाले, "पत्रकवाल्या तुमी. चोरून कशापाय बगताय? बसा म्होरं, नीट दिसंल."

मी बसले. आणि जे बघितलं ते असं. नानांनी फरशीवर खडूनं रेघ मारली. चेअरमनला मडक्यातून काढून रेघेवर ठेवलं. डावीकडं मोरी, उजवीकडं टेबल. "उजवीकडं उडी, मुलगा. डावीकडं, मुलगी. मधी बोलायचं न्हाय." सासूनं हात जोडले. मंदानं डोळे मिटले. नानांनी टेबलाच्या पायाशी पाय हलवला, काहीतरी खरखरलं, आणि चेअरमननं उजवीकडं टुणकन उडी मारली, मग दुसरी, आणि थेट टेबलाखाली.

"मुलगा," नाना म्हणाले.

सासूनं तिथल्या तिथं सुनेची दृष्ट काढून कडाकडा बोटं मोडली. मंदाला रडू फुटलं. ते आनंदाचं होतं का सुटकेचं, मला कळलं नाही, कारण मी टेबलाखाली वाकले होते. तिथं अंधारात एक पत्र्याचा डबा होता. डब्यात गांडुळं. चेअरमन जेवत होते.

बेडकाला रोज त्याच जागी खायला घाला, घालताना डबा खरखरवा, मग कुठलाही बेडूक कुठल्याही रेघेवरून तिकडंच जाणार! एवढीच त्या दैवी शक्तीची किंमत, मूठभर गांडुळं. मला इतका आनंद झाला की परत येताना एसटीतच पत्रकाचा मथळा सुचला: 'बेडकाचा कौल की गांडुळांचा डबा?'

गटातल्यांनी मला थांबवलं. म्हणाले, नुसता डबा कोण मानणार, केस पाहिजे. त्यानं मुलगा सांगितला आणि मुलगी झाली, अशी एक जिवंत केस. मंदाचे दिवस भरेपर्यंत आम्ही थांबलो. मी मधून मधून वस्तीवर जाऊन यायचे. सासू मंदाला दूध देत होती, जड उचलू देत नव्हती. "नातू हाय पोटात," म्हणायची. त्या घराकडं बघून माझं डोकं फिरायचं. मुलगी झाली तर ह्याच सासूचा हात कुणावर उठणार? बेडकावर तर नाही ना?

मुलगी झाली.

मी पत्रकं छापून घेतली. गठ्ठा पिशवीत टाकला आणि वस्तीवर जाऊन सासूला चांगली पेटवली. "चला नानांकडं. फी परत मागा. मी येते बरोबर." बाजाराचा दिवस मुद्दाम निवडला, म्हणजे चारचौघांत त्यांचं वस्त्रहरण होईल.

नाना दारातच बसले होते, पायरीवर, वाट बघत असल्यासारखे. मंदा बाळाला घेऊन मागं होती, पण सासूनं बोळाच्या तोंडापासूनच सुरुवात केली. "आवं नाना! कुठंय तुमचा त्यो मुडदा बेडूक? मुलगा म्हनला व्हता!"

"चुकला," नाना म्हणाले.

"चुकला? मग आमचं पैसं?"

"देतो की. बाळ कुठंय?"

"बाळ कशाला पायजे?"

"नेम हाय शास्त्राचा. बाळ दावल्याबिगर पैसं न्हाईत. तुमी पोरगा झाल्यावरबी पोरगी झाली म्हनाल, मला काय ठावं? कागदाला काय कळतंय, जितं बाळ दावा."

मी गठ्ठा पिशवीतून निम्मा बाहेर काढला होता. नाना उठले, मोरीवर जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा धुतले, धुतल्या टॉवेलला पुसले. मग मंदाकडून बाळ घेतलं. ज्या माणसाला मी बेडूक खिशात कोंबताना बघितलं होतं, तो बाळाचं एकेक बोट सोडवून बघत होता. बाळानं त्यांचा चष्मा धरला. नानांनी मान तशीच वाकडी ठेवली.

"पैसं," सासू म्हणाली.

"देतो. तुमच्यात मेंढरं व्हती न्हवं?"

"व्हती. सासऱ्याच्या टायमाला."

"आमच्यातबी. मेंढीला मेंढी झाली की तुमच्यात काय करायचे?"

सासूनं पदर खांद्यावर सावरला.

"आमच्यात आई गूळ वाटायची. कळप वाढला म्हनायची. आन नर झाला की?"

"खाटकाला," सासू पुटपुटली. मग एकदम उसळली, "मेंढरांचं येगळं असतंय!"

"येगळं कसं? तवा समद्यास्नी कळत व्हतं. मेंढरं इकली, ऊस आला, आन अक्कल बी इकली व्हय?"

फी परत मिळाली. मंदाचं रक्त नानांनी फुकट तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि सासूला दम भरला की दूध बंद करायचं नाही, पुढच्या बाजाराला बाळ परत दाखवायचं, नाहीतर दिलेली फी वसूल करीन. हे कुठल्या शास्त्रात बसतं ते मी विचारलं नाही. सासूनं फी पदराला बांधली. शेवटी, "द्या हिकडं, ऊन चढाय लागलं," म्हणून बाळ तिनं स्वतःच घेतलं आणि त्याच्या डोक्यावर आपला पदर ओढला.

त्या गेल्या. मी गठ्ठा धरून उभी. टेबलाखालचा डबा दिसत होता, जिथं तेव्हा होता तिथंच. वाकून सरकवला तर फरशीवर त्याच्या तळाचा गोल गंज उमटलेला. असा गंज दुसरीकडं कुठं आहे का, मी बघितलं. नव्हता.

"नाना, हा डबा कधी डावीकडं ठेवला होता?"

"डावीकडं मोरी हाय," नाना मायक्रोस्कोपची काच पुसत म्हणाले. "गांडुळं व्हाऊन जातील."

"म्हणजे आजवर एकाही बाईला मुलगी..."

"आदी मी खरं सांगायचो. बेडकाला हाय-न्हाय येवढंच कळतंय, मुलगा-मुलगी न्हाय कळत म्हनायचो. मग ती मानसं जीप करायची. त्यातली येक परत आली रगत तपासाय. रगत कसलं, पाणी व्हतं." त्यांनी काच उजेडात धरली. "आता हितं इचारून मन भरतंय त्यांचं. घरी जात्यात."

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. म्हटलं, हे चूक आहे. तुम्ही मुलग्याची हाव वाढवताय, अंधश्रद्धा वाढवताय. आणि मुलगी झाल्यावर त्या बाईला घरात काय भोगावं लागतं, ते तुमचा बेडूक भोगतो का? नानांनी ऐकून घेतलं. पुसलेली काच ठेवली, दुसरी घेतली. आजही मला त्यांचं ते वागणं पटलेलं नाही.

"शिव्या द्याय येत्यात ती बरी," ते म्हणाले. "बाळ बगाय मिळतंय. जी परत येत न्हाईत, त्यास्नी पोरगा झाला आसंल, आसं मी धरून चालतो." मग पायरीकडं बघून, "बाजारच्या दिवशी बसतो म्हनून हितं. कोन भांडाय आलंच तर."

तेवढ्यात एक जोडपं आलं. बरोबर एक म्हातारी. चिकाटीनं विचारायला आलेली मंडळी, ते चेहऱ्यावरूनच कळत होतं. नानांनी माझ्या हातातल्या गठ्ठ्याकडं एकदा बघितलं आणि खडूची रेघ मारली. चेअरमनला काढलं, रेघेवर ठेवलं.

चेअरमन हलेनात. म्हातारे झाले होते, फुगून बसले. नानांनी पाय सरकवला, पण डबा लांब गेला होता, पोचत नव्हता. मघाशी मीच वाकून बघताना ढकलला असणार. म्हातारी पुढं वाकली. "का वो, हलंना ह्यो? मुलगी हाय का काय?" पोरीनं नवऱ्याचा शर्ट धरला. नाना तसेच उभे, कपाळावरचा चष्मा घसरून नाकावर आलेला.

मी टेबलाच्या कडेला होते. चप्पल पुढं केली आणि डबा खरखरवला.

चेअरमननं मान वर केली. उजवीकडं वळले. आणि उडी मारली.

"मुलगा," नाना म्हणाले, माझ्याकडं न बघता.