सहा विमाने उडवावीत

मेहुण्याच्या पत्राला पंडितांनी उत्तर दिले नाही, इथून सगळे बिनसले. उत्तर द्यायला एक ओळ पुरली असती. पण एका ओळीत उत्तर देणारा माणूस असता, तर ऑफिसात त्यांना पंडित कशाला म्हणाले असते?

पंडित संरक्षण खात्यात भाषांतरकार होते. इतके हळू बोलत की चहावाला त्यांना वगळून पुढे जाई आणि ते त्याला हाक मारत नसत. त्या वर्षी सरकारने संरक्षणाचा खर्च कमी करायचे ठरवले. हवाई दलाची सहा जुनी विमाने यादीतून काढून टाकायची होती. पंडितांनी मसुदा केला : 'उपरोल्लेखित सहा विमाने अभिलेखातून निष्कासित करण्यात यावीत.'

साहेबांनी कागद परत सरकवला. "पंडित, हे मला कळत नाही, तर तळावरच्या माणसाला काय डोंबल कळणार? साधं लिहा. बायकोशी बोलता तसं."

पंडित बायकोशी बोलत नसत, बायकोचे ऐकत. तरी त्यांनी कंबर कसली आणि लिहिले : 'जुनी सहा विमाने यादीतून ताबडतोब उडवावीत.' वाक्य त्यांचे त्यांनाच आवडले. असे क्वचित होई.

पण टाईप झाल्यावर आदेश एका शब्दाने दुसऱ्या पानावर गेला. काटकसर कागदाचीही चालू होती. दुसऱ्या पानासाठी मंजुरी हवी आणि मंजुरीसाठी पुन्हा साहेबांच्या दारावर टकटक. त्यापेक्षा एक शब्द गाळलेला बरा. संरक्षण खात्यातली ती पहिली कपात. गाळला तो शब्द होता 'यादीतून'.

आठवड्याने घरी पत्र आले. हवाई तळाचा प्रमुख हा पंडितांच्या बायकोचा धाकटा भाऊ. तळावर तो दिसला की भलेभले टाचा जुळवत, बहीण मात्र त्याला अजून गुंड्याच म्हणे. तळाचा फोन कपातीत गेला होता, म्हणून त्याने लिहिले होते :

'भावोजी, तुमच्या खात्याचा आदेश मिळाला. विमानं उडवावीत म्हणजे आकाशात, की सुरुंग लावून? वर विचारलं तर हसं होईल, म्हणून घरच्या माणसाला विचारतो. एकाच्या इंजिनात पाखरांनी घर केलंय. लवकर कळवा. ताईला नमस्कार.'

पंडितांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चूक त्यांना तत्काळ कळली. ती कबूल करायला मात्र शब्द सापडेना.

"काय म्हणतोय गुंड्या?" बायकोने विचारले.

"भाषेची एक शंका आहे त्याला."

"मग सांगून टाका की."

"सांगतो. पण नीट सांगायला हवं."

'माझ्याकडून शब्द राहिला' असे धाकट्या मेहुण्याला लिहायचे म्हणजे लाज. त्याऐवजी 'उडवणे' हे क्रियापद मुळातच किती बेभरवशाचे आहे हे सिद्ध केले, तर चूक आपली न राहता भाषेची होईल, असा पंडितांनी विचार केला. त्यांनी शब्दकोश काढले. पतंग उडवणे, पैसे उडवणे, झोप उडवणे, धुव्वा उडवणे, इथवर ठीक चालले. 'खिल्ली उडवणे'पाशी गाडी अडली. ही खिल्ली एरवी कुठे असते, आणि उडून जाते कुठे? यात पंधरवडा गेला.

"टाकलंत का पत्र?" बायको रोज विचारी.

"शेवटचा हात फिरवतोय."

"पत्र आहे का भिंत?"

इकडे खात्यातून तळावर तगादा गेला : 'विमाने उडवली का? उलट टपाली कळवा.' मेहुणा विचारी माणूस. सुरुंगाने उडवलेले विमान परत जोडता येत नाही, आकाशात उडवलेले निदान खाली तरी आणता येते. त्याने पाखरांची दुसरीकडे सोय लावली, सुटे भाग मागवले, टाक्या तुडुंब भरल्या. जेवढी बचत व्हायची होती, तेवढा खर्च तयारीतच झाला.

ज्या दिवशी उड्डाण ठरले, त्याच दिवशी अर्थमंत्री तळाजवळच्या एका मैदानावर भाषण करत होते. "बंधूंनो आणि भगिनींनो, ती सहा खर्चिक विमानं यापुढे तुम्हाला कधीही दिसणार नाहीत!" टाळ्या पडायच्या आत डोक्यावरून कानठळ्या बसवत सहाच्या सहा विमाने गेली. वळून परत आली.

दुसऱ्या दिवशी पंडितांनी बातमी वाचली. मंत्र्यांच्या हातातले भाषण उडाले, मंडपाचे कापड उडाले, पैसे तर उडालेच होते. विरोधकांनी संसदेत खिल्ली उडवली. शब्दकोशातले अर्थ एकामागून एक खरे होत होते. आणि शेवटी पंडितांची झोप उडाली.

चौकशी समिती बसली. मेहुणा सुनावणीला आला आणि बहिणीकडे उतरला. जेवताना नेहमी मोठमोठ्याने बोलणारा माणूस पोळीचे तुकडे मोडत राहिला.

"सोमवारी निकाल आहे, ताई. बहुतेक घरी पाठवतील. पेन्शनही जाईल म्हणतात."

"पण तुझा काय दोष?"

"समिती म्हणाली, शंका होती तर विचारलं का नाही?"

"मग? तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, शंकाच नव्हती."

पंडितांनी हातातला घास ताटात ठेवला.

"अरे, पण तू यांना पत्र लिहिलं होतंस ना?"

मेहुण्याने पंडितांकडे पाहिले नाही. "टपालात गहाळ झालं असेल गं. आणि भावोजींचं नाव कशाला मध्ये घ्यायचं? त्यांच्या रिटायरमेंटला वर्ष राहिलंय." मग ताट पुढे करून तो म्हणाला, "वरण वाढ जरा."

त्याने चिडून चार शब्द सुनावले असते, तर पंडितांना बरे वाटले असते. तो दुपारी निघाला तेव्हा उलट पंडितांच्याच पाया पडला. पंडितांनी पाय मागे घेतले.

दार लावून बायको वळली. "गहाळ झालेलं पत्र शब्दकोशात खुणेला घालून ठेवलंय तुम्ही. 'ख'च्या पानात. मी रोज धूळ पुसते तिथली."

पंडित उठून ते पत्र घेऊन आले. टेबलाशी बसले. समितीला त्यांनी लिहिले : 'तळप्रमुखांनी मला विचारले होते. त्यांचे पत्र सोबत आहे. मी उत्तर दिले नाही. आदेशातला एक शब्दही मीच गाळला.' चार वाक्ये, आणि एकातही जड शब्द नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कच्चा मसुदा केला नाही.

मग मेहुण्याला पत्र. तेही लगेच झाले. बायकोने कागद उचलला. त्यावर एकच शब्द होता : 'यादीतून.'

"एवढंच?"

"एवढंच राहिलं होतं."

तिने कागद घडी करून दिला. "आणि आता तुमची नोकरी उडाली तर?"

"त्याचा अर्थ स्पष्ट आहे," पंडित म्हणाले.

बायको इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली आणि पायात चपला घालू लागली. "चला, मी येते बरोबर. नाहीतर तिथेही शेवटचा हात फिरवत बसाल."

टपालपेटी कोपऱ्यावरच होती. समितीचे पाकीट आत गेले. मेहुण्याचे मात्र पेटीच्या तोंडात अर्धे गेले आणि थांबले.

"काय झालं?"

"खाली 'माफ कर' असं लिहायला हवं होतं का? तसा तो वयानं लहान आहे. 'क्षमस्व' बरं दिसेल? की—"

"ते तोंडी सांगा," बायको म्हणाली. "रविवारी जेवायला बोलावलंय मी त्याला."

पंडितांचा चेहरा पांढरा पडला. पत्र लिहिणे ही मुळात किती सोपी गोष्ट असते, हे त्यांना त्या क्षणी कळले, आणि त्यांनी पाकीट सोडले.