वीरगळाची मीठबंदी

ताम्हिणीच्या वेशीवरील वीरगळाची प्रकृती खालावल्याचे १९५८ च्या पावसाळ्यानंतर पुरातत्त्व खात्याच्या नजरेस आले. खात्याची नजर मुळातच अधू, त्यामुळे तोवर दगडातल्या वीराचे नाक गेले होते.

कारण मीठ. चामखीळ गळावी म्हणून लोक वीराला मूठभर मीठ वाहत. पावसात ते विरघळून दगडात मुरे, उन्हात सुकून आतल्या आत फुगे आणि दगडाचे पापुद्रे निघत.

तक्रार गावातल्या धोंडाबाईची होती. "सायेब, माजा मालक गेला, त्येचा फोटू न्हाई. पर तोंडवळा अगदी ह्या वीरावानी व्हता. नाक गेलं, डोळं तरी ऱ्हाऊ द्या."

निरीक्षक गुमास्ते खरोखर गहिवरले. त्यांनी जागेवरच मीठबंदी पुकारली, फलक ठोकला आणि गावातल्याच कुशाबाला पहाऱ्यावर नेमले.

दुर्दैवाने साहेबांच्या हनुवटीवर चामखीळ होती. मिठाचा परिणाम शास्त्रीय रीतीने तपासल्याशिवाय बंदी घालणे घाईचे झाले, असे त्यांना वाटू लागले. त्यांनी प्रयोगादाखल फक्त एक मूठ वाहिली. दिवाळीपर्यंत हनुवटी गुळगुळीत झाली.

कचेरीत हनुवटी लपत नाही. आधी मोठे साहेब सपत्नीक आले, मग हिशेबनीस, मग हिशेबनिसांची मेहुणी. कुशाबा कामाला चोख.

"मीठ वाह्याला आलाय का?"

"छे! तपासणीला."

"मंग जावा. बंदी फकस्त वाह्याला हाय."

तपासणीचे मीठ पावसात भिजू लागले, तेव्हा खात्याने तातडीने पत्र्याची शेड मंजूर केली. मीठ शेडमध्ये गेले. वीर बाहेरच राहिला, कारण मंजुरीत त्याचा उल्लेख नव्हता.

आणखी दोन पावसाळे गेले. धोंडाबाईने वीराच्या तोंडाच्या जागी हात फिरवला.

"सायेब, डोळं बी गेलं. आता मी कुनाकडं बगू?"

"बाई, आनंदाची बातमी आहे," गुमास्ते म्हणाले. "झीज पूर्णपणे थांबली आहे."

तसा शेराही त्यांनी मारला. झिजायला काही उरले नाही, हे लिहायला रकानाच नव्हता.

धोंडाबाई घरी गेली. आम्हाला तिची फार कीव आली. वाचकहो, तुम्हालाही आली असेलच. पण हे वाचता वाचता तुमचा हात हळूच स्वतःच्या मानेवरून फिरला, तोही आम्ही पाहिला. संकोच नको. शेजारीच दुसरा वीरगळ आहे, त्याला अजून नाक-डोळे आहेत. कुशाबाला एवढेच सांगा, तपासणीला आलोय.