बिनचालक गाडीचा चालक

जगातल्या बहुतेक अपघातांचं मूळ माणूस आहे आणि माणूस काढून टाकला की अपघात उरत नाहीत. (त्यानंतर प्रवास तरी कोणी करायचा, हा मुद्दा अहवालाच्या कक्षेबाहेरचा होता.) या थोर तत्त्वावर डहाणू स्टेशन ते कैनाड अशी बिनचालक गाडी प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली, आणि त्याच मार्गावर वीस वर्षं जीप चालवणाऱ्या लडक्याचा परवाना, तोही प्रायोगिक तत्त्वावर, थांबवण्यात आला. प्रयोग यशस्वी झाला की परवाना कायमचाच जाणार होता.

गाडीचे गुण सांगावेत तेवढे थोडे. ती दारू पीत नव्हती, तंबाखू थुंकत नव्हती, लग्नाच्या वरातीत घुसून नाचत नव्हती. सहा आसनांवर सहाच माणसं घ्यायची. सातवा बसला तर जागची हलायची नाही. लडक्याच्या जीपमध्ये चौदा जण बसत, आणि पंधराव्याला लडक्या म्हणे, "या की, तुम्ही काय परके?" पाहणीत शंभर टक्के प्रवाशांनी त्याची जीप गैरसोयीची असल्याचं नोंदवलं होतं. उरलेल्यांना जागा मिळाली नसल्यामुळे त्यांचं मत घेता आलं नाही.

लडक्याने स्टेशनबाहेर लावलेली परवाना थांबवल्याची पाटी वाचली. शेतीचा तुकडा पावसाळ्यापुरता. बाकी आठ महिने जीप हेच त्याचं शेत. घरी त्याची बायको तानी म्हणाली, "ती गाडी दारू पीत नाय म्हणून घेतली म्हणतात. तू तरी कुठं पितोस?"

"मी बोलतो," लडक्या म्हणाला. "ती बोलत नाय."

हेही खरं नव्हतं. गाडी बोलत असे, आणि फार शुद्ध बोलत असे. "कृपया मार्गातून बाजूला व्हा," असं ती बकऱ्यांनासुद्धा सांगे.

पहिले काही दिवस झकास गेले. मग एका सकाळी कैनाडच्या वळणावर बायजी नावाच्या म्हातारीच्या कोंबडीने रस्ता ओलांडायचा निर्णय घेतला. अर्ध्यात तो रद्द केला. गाडीने दोन्ही निर्णयांची दखल घेऊन वेग कमी-जास्त केला. त्यावर कोंबडीने रद्द केलेला निर्णय पुन्हा लागू केला. एवढी धरसोड गाडीच्या अभ्यासक्रमात नव्हती.

अशा प्रसंगी कैनाडची रीत ठरलेली आहे. चालकाने खाली उतरायचं, हात जोडायचे, मान खाली घालायची. कोंबडीवाल्याने त्याला मनसोक्त झाडायचं, पार त्याच्या आजोबापर्यंत जाऊन. घसा बसत आला की एखाद्या वयस्क माणसाने "बास आता" म्हणायचं. चालकाने "चूक झाली" म्हणायचं. मग कोंबडी शिजते, चालकही पंगतीला बसतो आणि प्रकरण निकाली निघतं. यात आजवर कोणी कोर्टात गेलेलं नाही.

बायजी पुढच्या काचेशी गेली. चालकाची जागा रिकामी.

"कोण हाय आत?"

"आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत," गाडी म्हणाली. "आपला अभिप्राय आम्हांला मोलाचा आहे."

बायजीने अभिप्राय दिला. गाडीने त्याच गोड आवाजात आभार मानले. बायजीने आणखी कडक अभिप्राय दिला, पुन्हा आभार. जो मान खाली घालत नाही त्याला शिव्या देणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. बायजी कोंबडी पदरात घेऊन गाडीसमोर रस्त्यावर बसली. समोर माणूस दिसला की थांबायचं, हा गाडीचा पहिला नियम असल्यामुळे गाडीही बसली.

दुपारी प्रकल्पाचे अभियंता मिथुन साहेब आले.

"तू चालवत होता?" बायजीने विचारलं.

"नाही आजी. मी फक्त देखरेख करतो. चालवणारी प्रणाली दुसरी टीम लिहिते. नकाशा तिसरी देते. कॅमेरे परदेशातून येतात, आणि मंजुरी समितीने दिली."

बायजीने सगळी माणसं मनात मोजली. "एवढे सगळे मिळून," ती म्हणाली, "एक कोंबडी मारली?"

मिथुन साहेबांनी चौकशीचं आश्वासन दिलं. बायजी हलली नाही. तिची कोंबडी अंड्यावर बसायची होती, आणि तिचं वाईट वाटलेलं कोणीतरी ऐकून घ्यायला हवं होतं. आभार मानायला नको होतं. ऊन उतरलं. कोंबडी शिजायची राहिली. गाडीतले सहाही प्रवासी नियमाप्रमाणे बसून होते. शेवटी त्यांच्यातल्याच एका वयस्क माणसाने, चिमणने, फोन काढला आणि लडक्याला बोलावलं.

लडक्या सायकलवर आला. आला, गाडी पाहिली, बायजी पाहिली, कोंबडी पाहिली. वीस वर्षांची सवय. त्याचे हात आपोआप जोडले गेले आणि मान खाली गेली.

बायजीचा चेहरा खुलला. मग तिने सुरुवात केली. लडक्याच्या डोळ्यांना नावं ठेवली, त्याच्या बापाच्या चालीला नावं ठेवली, त्याच्या आजोबाने एकदा चुकीच्या शेतात नांगर घातला होता तेही निघालं. घसा बसत आला तसा चिमण म्हणाला, "बास आता, बायजी."

"चूक झाली, आजी," लडक्या म्हणाला.

"पुढल्या वेळी बघून चालव." आणि बायजी उठली. गाडी सुटली. रात्री कोंबडी शिजली, आणि अपघाताच्या वेळी घरी झोपलेल्या लडक्याच्या ताटात तंगडी पडली.

अहवालात हा प्रसंग 'मानवी घटकाचा पुनर्समावेश' या शीर्षकाखाली आला. शिफारशीनुसार 'दायित्व सहायक' हे पद निर्माण झालं. पात्रता: मान लवचीक असावी, आवाज नरम असावा, आणि स्टिअरिंगला हात लावण्याची इच्छा नसावी. मुलाखतीत विचारलं, "कोंबडी तुम्ही मारलीत?" लडक्या म्हणाला, "हो साहेब." बाकीचे उमेदवार पुरावे देत बसले. निवड लगेच झाली.

आता लडक्या गणवेशात चालकाच्या जागेवर बसतो आणि काही करत नाही. गाडी उशिरा आली की लोक त्याला झाडतात. रस्त्यात खड्डा लागला, वीज गेली, चिकूचा भाव पडला, की त्यालाच. एकदा बोर्डीच्या एका बाईंनी पावसाबद्दल झापलं. तो हात जोडतो, चूक झाली म्हणतो, आणि सहाही माणसं हलकी होऊन उतरतात. तानीला आधी लाज वाटली. पण चूल पेटती राहिली, तेव्हा तीही अधूनमधून घरातल्या तक्रारी डब्याबरोबर त्याच्याकडे देऊ लागली.

तुम्हाला कैनाडकरांचं हसू येत असेल. येणारच, तुम्ही शिकलेले. पण परवा एसटी उशिरा आली तेव्हा तुम्ही ज्या कंडक्टरला बोललात, त्याने घाट खचवला नव्हता. दवाखान्याच्या खिडकीतल्या ज्या मुलीवर ओरडलात, तिने डॉक्टर रजेवर धाडला नव्हता. दोघंही चूक झाली म्हणाली, आणि तुम्ही हलके होऊन घरी गेलात. फरक एवढाच, की बायजीची कोंबडी खरोखर मेली होती.