ओरेस्ते पाल्मिएरी कशाने गेले?

ओरेस्ते पाल्मिएरी वारल्याचे ओरेस्ते पाल्मिएरींना मोंतेरोन्कोच्या वेशीतच कळले. भिंतीवर काळ्या चौकटीचा कागद डकवलेला होता. ओरेस्ते पाल्मिएरी, वय एकाहत्तर, पत्नी आसुंता शोकात, अंत्यविधी आज दुपारी. खळ अजून ओली होती.

ओरेस्तेंचे वयही एकाहत्तरच होते. ते आणि त्यांची बायको नेल्ला या डोंगरावरच्या जुन्या गावात चार दिवस निवांत राहायला आले होते. निवांत हा शब्द नेल्लाचा. ओरेस्तेंनी बॅग खाली ठेवली आणि अपशकुन टळावा म्हणून शेजारच्या लोखंडी कठड्याला हात लावला.

"नावासारखं नाव असतं," नेल्ला म्हणाली. "चल, पाय दुखतायत."

"कशानं गेला ते लिहिलेलं नाही."

"कधी लिहितात का?"

"रक्तदाब असला तर?"

"तर त्याचा होता. तुझा नाही."

हॉटेलच्या मालकीणबाईंनी ओरेस्तेंचे ओळखपत्र वाचले, पुन्हा वाचले, आणि गुपचूप किल्ल्यांच्या लोखंडी जुडग्याला हात लावला. खोलीची किल्ली त्यांनी ओरेस्तेंच्या हातात दिली नाही, टेबलावर सरकवली.

"जिना जरा उंच आहे. दम लागतो का तुम्हांला?"

"का? त्यांना लागायचा?"

"कुणाला?"

"मला. म्हणजे त्यांना."

मालकीणबाईंनी विषय बदलला, पण गप्प काही बसल्या नाहीत. जेवणाच्या वेळेपर्यंत अख्ख्या गल्लीला ठाऊक झाले होते की ओरेस्ते पाल्मिएरी हॉटेलात उतरले आहेत. त्यामुळे खालच्या शहरातून आलेल्या फुलवाल्याने पत्ता विचारला तेव्हा लोकांनी त्याला बिनचूक हॉटेलात पाठवले. ओरेस्तेंनी शेवयांचा पहिला घास उचलला होता. समोर चाकाएवढे पुष्पचक्र येऊन उभे राहिले.

"ओरेस्ते पाल्मिएरी इथंच ना?"

"मीच."

फुलवाल्याने त्यांच्याकडे नीट पाहिले. "तुमचं तुम्ही बघा बुवा. गाडी वर जात नाही, आणि मला एका लग्नाची फुलं पोचवायचीत." तो गेला.

मग नवराबायकोने पुष्पचक्र दोन बाजूंनी धरले आणि मयताच्या घराचा चढ चढायला सुरुवात केली. वाटेत म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. फितीवर आपले नाव सोनेरी अक्षरांत बघत ओरेस्ते चालले होते.

"छातीत धडधडतंय."

"चढ आहे."

"त्यालाही असंच वाटलं असेल."

"तुझ्या बाजूनं जरा वर धर. फुलं घासतायत."

आसुंता स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती. भोवती काळ्या कपड्यांतल्या बायका होत्या. सकाळपासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आले नव्हते आणि बायकांना त्याचीच काळजी लागली होती.

"आपण कोण?" तिने विचारले.

"ओरेस्ते पाल्मिएरी."

एका बाईने छातीवर क्रूसाची खूण केली. आसुंताने पाहुण्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "हा जाड आहे," ती बायकांना म्हणाली.

ओरेस्तेंनी पुष्पचक्र भिंतीला टेकवले, सांत्वनाचे दोन शब्द बोलले. मग राहवेना. "कशानं गेले?"

"झोपेत."

ओरेस्तेंचा चेहरा पडला. झोप तर त्यांनाही रोज यायची. "आधी काही त्रास?"

"त्याला कसला त्रास? त्रास मला होता." तेवढ्यात वाऱ्याने खिडकीची झडप भिंतीवर आपटली. "हा एक बघा. बिजागरी निखळलीय. सांगून सांगून जीभ झिजली माझी. आता गाव गोळा होईल आणि ही अशी ठाक ठाक करत राहील. येतं का तुम्हांला काही?"

"त्याला सगळं येतं," नेल्ला म्हणाली. घरी ओरेस्तेंनी पक्कड शेवटची कधी उचलली हे फक्त तिलाच माहीत होते.

कुणीतरी मयताची पक्कड आणून ओरेस्तेंच्या हातात दिली.  या पकडीने सुरू केलेले एक काम अर्धे टाकून एक ओरेस्ते गेला होता. ते खिडकीत वाकले, बिजागरी चाचपली, स्क्रू फिरवून पाहिला आणि घाईघाईने मागे सरले.

"गंजलाय हो. तेल सोडून ठेवतो. उद्या सकाळी येऊन करतो. नक्की."

आसुंताने मान खाली घातली. तिचे खांदे हलू लागले. तिने एप्रन डोळ्यांना लावला आणि हुंदका दिला. बायका धावल्या.

"अगदी असाच," ती म्हणाली. "तेलसुद्धा. नक्कीसुद्धा."

नेल्ला नवऱ्याला काहीतरी खोचक बोलणार होती. त्याऐवजी तिने त्यांच्या कोटाची बाही धरली आणि दुपारभर, अगदी दफनभूमीतसुद्धा, सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी ओरेस्ते खरेच गेले, नवे स्क्रू घेऊन. आसुंताने दारातच ते काढून घेतले.

"कॉफी घे," ती म्हणाली. "झडपेला हात लावू नकोस. ते त्याचं काम आहे."

झडप अजून एकाच बिजागरीवर लटकते आहे.